डावे तीन हजार, उजवे चारशे : भोसरीतल्या एका प्रेस शॉपचं प्रकरण

२६ सप्टेंबर २०१८, बुधवार. अनंत चतुर्दशीला तीन दिवस झाले होते. दिवाळीच्या हंगामामुळे दुचाकी कंपन्यांची मागणी चढलेली होती, आणि भोसरी एमआयडीसीत दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी होती. संध्याकाळी साडेसहाला एका प्रेस शॉपच्या, म्हणजे प्रेसवर पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या कारखान्याच्या, डिस्पॅचच्या दाराशी टेम्पो लागला. चाकणच्या ग्राहकाकडे रात्री दहाच्या आत फूटरेस्ट ब्रॅकेटच्या बाराशे जोड्या पोचायला हव्या होत्या. जोडी म्हणजे एक डावा आणि एक उजवा. एकट्याचा काही उपयोग नाही.

डावे ब्रॅकेट तीन हजार पडून होते. उजवे होते चारशे, आणि त्या चारशेच्या क्रेटवर क्वालिटीने होल्डचं पिवळं टॅग बांधलेलं होतं.

पुढच्या पाच तासांत काय झालं ते मला नंतर चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं. चौघांच्या सांगण्यात जुळलेलं एवढंच : डिस्पॅचच्या ताईंनी प्रॉडक्शनला फोन केला. प्रॉडक्शन म्हणालं, माल तयार आहे, क्वालिटीने अडवलाय. क्वालिटी म्हणालं, भोकाच्या कडेला बर (पत्रा कापताना राहणारी धारदार कोर) आहे, सही करणार नाही. किती नग जाणार ते ठरेना म्हणून बिल निघेना, बिल नाही म्हणून ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीला लागणारा ऑनलाइन कागद, नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणाऱ्या मालालाही ते त्याच वर्षी २५ मेपासून लागू झालं होतं. टेम्पोवाला दर अर्ध्या तासाने आत येऊन विचारत होता. शेवटी सहा माणसं कानस घेऊन बर काढायला बसली. साडेअकराला तीनशे ऐंशी जोड्या निघाल्या. मोशी ओलांडून चाकणच्या तळेगाव चौकात अडकत टेम्पो पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. सकाळच्या पाळीत ग्राहकाची लाइन थांबली. ग्राहकाची सुट्टी रविवारी असते. गुरुवारी त्यांचे फोन येत होते आणि भोसरीत ते उचलायला कोणी नव्हतं.

ग्राहकाकडून नुकसानीच्या वसुलीची डेबिट नोट आली. तिचा आकडा मालकांनी मला दाखवला. तो इथे लिहिण्याचं कारण नाही. शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आपल्यात एकी नाही, हेच खरं दुखणं आहे." त्याच आठवड्यात त्यांनी मला फोन केला.

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या लहान कारखान्यांबरोबर काम करतो. त्याआधी बारा वर्षं प्रेस शॉपमध्येच काढली. कंपनीचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. मात्र हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण "एकी नाही" हे निदान मी असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि ते नुसतं चुकीचं नाही तर माणसांवर अन्याय करणारं आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

जुलैतली सहल

एकी वाढवायचा प्रयत्न तिथे आधी झाला नव्हता असं नाही. जुलैत सगळे सुपरवायझर आणि ऑफिसचे लोक मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर दिवसभर जाऊन आले होते. पाऊस, गरम भजी, गाणी, आणि दुपारी रस्सीखेच. रस्सीखेचीचे संघ पडले ते विभागांप्रमाणे : एकीकडे प्रॉडक्शन आणि टूलरूम (प्रेसचे साचे सांभाळणारा विभाग), दुसरीकडे क्वालिटी, स्टोअर आणि डिस्पॅच. मला फोटो दाखवले तेव्हा दोन्हीकडचे चेहरे ओळखता येत होते. दोन महिन्यांनी, त्या बुधवारी रात्री, तेच चेहरे त्याच बाजूंना उभे होते.

इथे मला मुझफर शेरीफ यांच्या प्रयोगाची आठवण येते. मूळचे तुर्कस्तानचे हे मानसशास्त्रज्ञ. १९५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमामध्ये अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात स्पर्धा लावल्या, आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर छापे घालणं इथपर्यंत मजल गेली. मग त्यांना जवळ आणायचा प्रयत्न सुरू झाला. एकत्र सिनेमा, एकत्र जेवण. त्याने काही झालं नाही. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना. या दोन्ही अडचणी संशोधकांनीच घडवून आणलेल्या होत्या. दोन्ही गटांना मिळूनच त्या सोडवाव्या लागल्या, आणि तेव्हा कुठे वैर हळूहळू ओसरलं. तो ट्रक मुलांनी ओढला तो रस्सीखेचीच्याच दोराने.

सहलीला माझा विरोध नाही. वर्षभर बारा-बारा तास राबणाऱ्या माणसांना एक दिवस मोकळा मिळावाच. पण सहलीहून परतल्यावर माणूस पुन्हा ज्या हिशेबात जाऊन उभा राहतो, तो हिशेब जर बदलला नसेल तर भजीची चव आठवडाभर टिकते, त्यापुढे नाही.

पाच वह्या

पहिले आठ दिवस मी एकच प्रश्न विचारत फिरलो : महिन्याच्या शेवटी मालक तुम्हाला कोणता आकडा विचारतात? उत्तरं अशी आली.

प्रॉडक्शनला विचारतात, नग किती निघाले. कामगारांचा इन्सेंटिव्हही नगांवर. डावा की उजवा, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नाही. या ब्रॅकेटच्या अडीचशे टनी प्रेसवर डाय, म्हणजे भाग ज्यात घडतो तो साचा, बदलायला पावणेदोन-दोन तास जात. दोन तास प्रेस उभी म्हणजे दोन तास नग शून्य. त्यामुळे महिनाअखेर जवळ आली की सुपरवायझर चालती डाय काढायलाच तयार नसे. २६ तारखेला डावे तीन हजार का होते, याचं उत्तर इथे आहे. त्या माणसाने त्याच्या वहीप्रमाणे उत्तम काम केलं होतं.

क्वालिटीला विचारतात, ग्राहकाकडून परत किती आले. घरात होल्डवर किती दिवस माल पडून आहे हे कोणी विचारत नाही. मग शंका आली की टॅग बांधायचं, ही रीतच पडणार. टॅग बांधण्याची त्यांना काहीच किंमत पडत नव्हती.

टूलरूमला विचारतात, डायमुळे प्रेस किती तास बंद राहिली. पंचाची, म्हणजे डायमधल्या भोक पाडणाऱ्या दांड्याची, धार जात आली म्हणून वेळेवर काढून ग्राइंडिंगला नेला, तर ते तास त्यांच्या नावावर. बोथट पंच तसाच चालू दिला, तर नावावर काही नाही.

स्टोअर आणि खरेदीचा आकडा म्हणजे शिलकी मालाची किंमत, ती जितकी कमी तितकी शाबासकी. पत्र्याची कॉइल अगदी शेवटच्या दिवशी येण्याचं कारण तेच.

आणि डिस्पॅचच्या ताईंना विचारतात, गाडी वेळेवर गेली का. वरच्या चारही गोष्टींतली एकही त्यांच्या हातात नाही. ग्राहकाच्या शिव्या मात्र त्यांनीच खायच्या.

स्टीव्हन कर या अमेरिकन अभ्यासकांनी १९७५ साली याच विषयावर एक लेख लिहिला होता. एका गोष्टीला बक्षीस द्यायचं आणि अपेक्षा भलत्याच गोष्टीची ठेवायची, हा संस्थांचा जुना आजार आहे, असं त्यांनी उदाहरणं देऊन दाखवलं. भोसरीतल्या या शेडमध्ये पाच माणसं पाच वह्यांमध्ये पहिली यायची धडपड करत होती, आणि जोडी कुणाच्याच वहीत नव्हती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे इथे स्वभावातून आलेलं नव्हतं. ते वहीतून आलेलं होतं.

एका क्रेटच्या मागे

वह्या कळल्या तरी एक गोष्ट मला लागत नव्हती. बर एका रात्रीत येत नाही. पंच हळूहळू बोथट होतो, बर हळूहळू वाढते. मग चारशे नग होईपर्यंत कोणाला दिसली कशी नाही?

म्हणून मी उजव्या ब्रॅकेटच्या एका निळ्या क्रेटमागे चालायचं ठरवलं. कॉइलची पट्टी कापली जाते तिथून ते टेम्पोत चढते तिथपर्यंत. प्रेसवरच्या मुलाने नग उचलला, अंगठा भोकाच्या कडेवरून फिरवला आणि क्रेटमध्ये टाकला. "बर बघितली का?" म्हटलं तर म्हणाला, "बघितली ना, लागत नाही हाताला." त्याचा अंगठा मी बघितला. चार वर्षं पत्रा हाताळून त्या अंगठ्याची कातडी इतकी जाड झाली होती की त्याला बर खरोखरच लागत नव्हती. तोच नग मी क्वालिटीच्या टेबलावर नेला. तिथल्या मुलीने मायक्रोमीटर लावला, दोन जागी मोजलं, आणि म्हणाली, "हा जाणार नाही." ड्रॉइंगवर बर ०.२ मिमीपर्यंत चालेल असं लिहिलं होतं. पत्रा २ मिमीचा, म्हणजे जाडीच्या दहा टक्के, जो आमच्या धंद्यात सर्रास धरला जाणारा हिशेब आहे. तो नग एका जागी बसत होता, दुसऱ्या जागी किंचित बाहेर जात होता. अंगठाही खोटं बोलत नव्हता, मायक्रोमीटरही नाही.

तिथून मी टूलरूममध्ये गेलो. तिथले मिस्त्री साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. मी पंचाची गोष्ट काढली तर ते काही बोलले नाहीत. चहा आला, तो संपला. मग त्यांनी ड्रॉवरमधून तेलाचे डाग पडलेली एक खिशातली डायरी काढली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीने लिहिलेलं : "१२ सप्टें. उजवी डाय. २ नंबर पंच. धार गेली." खाली प्रेसच्या काउंटरवरचा स्ट्रोकचा, म्हणजे प्रेसच्या ठोक्यांचा, आकडा.

बारा तारीख. घटनेच्या दोन आठवडे आधी.

"काका, कोणाला सांगितलं नाही?"

"साहेब, एप्रिलात मी असंच सांगून प्रेस थांबवली होती. तीन तास गेले. माझ्याच नावानं मेमो निघाला. आता मी लिहून ठेवतो. विचारलं तर दाखवतो."

कोणी विचारलं नव्हतं.

या डायरीच्या पानाने मला जितकं शिकवलं तितकं क्वचितच कशाने शिकवलं असेल. कारखान्याला जे कळायला हवं होतं ते कारखान्यात होतं, तारखेसकट, आकड्यासकट. ते एका ड्रॉवरमध्ये होतं, कारण बाहेर काढण्याची किंमत एका माणसाने एकट्याने भरली होती.

फसलेली बैठक

मग मी एक चूक केली, ती लपवून हे प्रकरण पुरं होणार नाही. रोज सकाळी साडेआठला कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली. तिसऱ्या दिवसापासून लोक ईमेलची छापील पानं घेऊन येऊ लागले. "मी २१ तारखेला लिहिलं होतं, हे बघा." मालक मध्ये बसायचे, दोन्ही बाजू ऐकायचे, निवाडा द्यायचे. दोन आठवड्यांत त्या खोलीचं कोर्ट झालं.

चूक कुठे झाली ते मला डिस्पॅचच्या ताईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, तिथे बसलं की काल काय झालं हेच निघतं. मला तर आज काय जाणार ते हवंय."

बैठक आम्ही डिस्पॅचच्या डॉकवर हलवली. वेळ पावणेआठ, कारण पहिल्या पाळीची कामं तोवर लागलेली असतात आणि गाड्या यायच्या असतात. खुर्च्या नाहीत. भिंतीवर एक पांढरा फळा, त्यावर फक्त आजच्या आणि उद्याच्या गाड्या : कोणता भाग, किती जोड्या, किती तयार, काय अडलंय. नियम एकच : प्रत्येकाने आज मला कोणाकडून काय हवं आहे एवढंच सांगायचं. कालचा विषय काढायचा असेल तर दुपारी, दोघांनी आपसांत. फळा ताईंच्या हातात. हे मुद्दाम केलं. त्या विभागप्रमुख नव्हत्या, पगाराने सगळ्यांत खाली होत्या, पण ग्राहक सगळ्यांत आधी त्यांना भेटतो.

प्रॉडक्शन मॅनेजरना हे रुचलं नाही. ते तिसऱ्या दिवशीच आले नाहीत. ताईंनी त्यांच्या नावासमोरची जागा मोकळी सोडली आणि गाडीसमोर लिहिलं : "उजवे ६००, माहीत नाही." मालक तिथून जाताना थांबले, वाचलं, काही न बोलता पुढे गेले. चौथ्या दिवशी मॅनेजर हजर होते.

या सगळ्यात सर्वांत अवघड बदल कोणाचा असेल तर मालकांचा. हे गृहस्थ अप्रेंटिस म्हणून सुरुवात करून, एका भाड्याच्या शेडमध्ये एका प्रेसवर धंदा उभा केलेले. प्रत्येक विभागप्रमुखाला रोज वेगळा फोन करायची त्यांची सवय जुनी होती. प्रत्येक जण त्या फोनवर दुसऱ्याची तक्रार सांगायचा, आणि मालक तिथल्या तिथे निर्णय द्यायचे. त्यामुळे एकमेकांशी बोलण्याची कुणाला गरजच उरली नव्हती. मालकांशी बोललं की झालं. मी त्यांना सांगितलं, हे फोन बंद करा.

"अहो, मग मला कळणार कसं?"

"पावणेआठला डॉकवर या. सगळ्यांना कळतं तेव्हाच तुम्हालाही कळेल."

ते महिनाभर तगमगले. दोनदा फोन केलेच. पण तिसऱ्यांदा क्वालिटीचे साहेब फोनवर म्हणाले, "सर, हे उद्या फळ्यावर बोलू या का?" आणि मालक हो म्हणाले. हे मला मालकांनी स्वतः सांगितलं, थोड्या कौतुकाने.

काचेच्या पेटीतला नग

क्वालिटीच्या साहेबांबद्दल इथे दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण अशा प्रकरणांत क्वालिटीवाल्याला अडेलतट्टू ठरवून मोकळं होण्याची पद्धत आहे. मी त्यांच्याशी निवांत बोललो तेव्हा ते म्हणाले, "पीडीआय रिपोर्टवर, म्हणजे माल निघण्याआधीच्या तपासणीवर, सही माझी असते. बर निघाली तर चाकणला जाऊन उभा मी राहतो. तिथे प्रॉडक्शनचं कोणी येत नाही." हे शंभर टक्के खरं होतं. सहकार्य करा, असं त्यांना सांगणं म्हणजे धोका तुम्ही एकट्याने घ्या असं सांगणं होतं.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. पहिली, पुढच्या तक्रारीच्या वेळी चाकणला क्वालिटीबरोबर प्रेसचा सुपरवायझरही गेला. ग्राहकाच्या लाइनवर त्याने पहिल्यांदाच पाहिलं की त्या भोकातून वायरिंगचा जोड जातो, आणि बर असेल तर वायरचं आवरण कापलं जातं. परतल्यावर त्याने आपल्या पोरांना जे सांगितलं ते मी शंभर ट्रेनिंगमध्ये सांगू शकलो नसतो.

दुसरी गोष्ट लिमिट सॅम्पल. क्वालिटीच्या साहेबांनी तीन नग निवडले : एक अगदी स्वच्छ, एक चालेल त्या शेवटच्या हद्दीवरचा, एक चालणार नाही असा. ग्राहकाच्या क्वालिटी विभागाकडून तिन्हींवर सही-शिक्का आणि तारीख घेतली. अशी हद्दीची नगं मोठ्या वाहन कंपन्यांच्या पुरवठादारांकडे असायलाच हवीत. इथे ती कपाटात कुलूपबंद होती आणि जुन्या डायची होती. नवे तिन्ही नग काचेच्या छोट्या पेटीत घालून थेट प्रेसजवळ लावले, शेजारी भिंग आणि दिवा. प्रेसवरचा मुलगा आता दर पन्नास नगांनी एक नग मधल्या नगाशेजारी धरतो. अंगठ्याचं काम संपलं.

तीन आठवड्यांत होल्डची टॅगं निम्म्याहून खाली आली. "हा चालेल की नाही" या वादातले बहुतेक वाद मुळात दोन माणसांमधले नव्हतेच. दोघांसमोर एकच नग ठेवलेला नव्हता एवढंच. टीमचं एकमत म्हणजे सगळ्यांना सारखंच वाटणं, असा जो समज आहे तो मला म्हणूनच पटत नाही. त्या दोघांना आजही सारखं वाटत नाही. पण त्यांच्यात आता काचेची पेटी आहे.

डाय बदलण्याचा वेळ कमी करण्याचं कामही यात झालं, त्याबद्दल थोडक्यात. शिगेओ शिंगो या अभियंत्यांनी जपानमध्ये दाखवलेली पद्धत आता सर्वांना माहीत आहे : प्रेस चालू असतानाच जी कामं करता येतील ती आधी उरकायची. पुढची डाय ट्रॉलीवर तयार, बोल्ट एकाच मापाचे, पाने ट्रॉलीवरच. दोन तासांचे पन्नास मिनिटं झाले. हे न करता प्रॉडक्शनकडे लहान लॉटची मागणी करणं अन्यायाचं ठरलं असतं.

जोडीचा हिशेब

उरला इन्सेंटिव्ह. हा खरा काटा. नगांऐवजी जोड्या मोजायच्या, म्हणजे तीन हजार डावे आणि चारशे उजवे निघाले तर चौतीसशे नग नव्हेत, चारशे जोड्या.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे मजुरीच्या पद्धतीत असा बदल करायचा तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागत असे. मालकांचा कल नोटीस लावून मोकळं होण्याकडे होता. मी अंतर्गत युनियनशी बसून करार करायचा आग्रह धरला. कॅन्टीनमध्ये तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत युनियनच्या सरचिटणिसांनी एकच प्रश्न विचारला : "डाय टूलरूममध्ये पडली, नाहीतर कॉइल आली नाही, तर जोडी कशी होणार? आणि मग आमच्या पोरांचे पैसे का कापायचे?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. करारात कलम आलं ते असं : डाय किंवा माल नसल्यामुळे प्रेस अडली तर त्या पाळीचा इन्सेंटिव्ह मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने द्यायचा. म्हणजे तो भुर्दंड मालकांवर. मालक आधी नाराज झाले. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतःहून दोन जादा पंच बनवायला टाकले, ज्याची मागणी टूलरूम वर्षभर करत होतं. नुकसानीचा खर्च ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्या खिशाकडे वळला की दुरुस्ती होते. आजवरच्या माझ्या कामात हा अनुभव सर्वांत भरवशाचा ठरला आहे.

बाकी वह्याही थोड्या बदलल्या. टूलरूमच्या नावावर आता फक्त अचानक पडलेल्या बंद तासांची नोंद होते. ठरवून नेलेल्या ग्राइंडिंगचे तास धरत नाहीत. क्वालिटीला होल्डवरचा माल किती तास पडून आहे हेही विचारलं जातं. काकांना मिळालेला एप्रिलचा मेमो मालकांनी फाइलमधून काढला आणि डॉकवर, सगळ्यांसमोर, त्यांना परत दिला. मी ते सुचवलं नव्हतं.

नोंदी वाढल्या तेव्हा

जानेवारी २०१९ मध्ये फळ्यावरच्या "काय अडलंय" या रकान्यातल्या नोंदी डिसेंबरच्या दुपटीने वाढल्या. मालक घाबरले. त्यांना वाटलं, परिस्थिती बिघडली.

मी त्यांना एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधकांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. नव्वदच्या दशकात त्या अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका बघत होत्या. चांगल्या जुळलेल्या पथकांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले : चांगल्या पथकांत जास्त चुका दिसत होत्या. खोलात गेल्यावर कळलं की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, बोलत होती. १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या पथकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तोही याच दिशेचा होता. न घाबरता बोलता येतं, तिथे शिकणं होतं.

आमच्या फळ्यावरच्या वाढलेल्या नोंदींत निम्म्या टूलरूमच्या होत्या. काकांनी डायरी फळ्यावर उतरवायला सुरुवात केली होती : कोणता पंच, किती स्ट्रोक झाले, अजून किती चालेल.

मार्चपर्यंत त्या ग्राहकाकडे एकही गाडी जोडी अपुरी म्हणून उशिरा गेली नाही. एप्रिलमध्ये एक गेली, कॉइलमुळे. खरेदी विभाग अजून फळ्यापाशी मनाने आलेला नाही. त्यांची वही बदलायची तर मालकांना बँकेच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या, हिशेबाशी भिडावं लागेल, आणि तो डोंगर मोठा आहे. खरेदीचे लोक येतात, एका कोपऱ्यात उभे राहतात आणि "बघतो" म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही.

मग २०१९ चा उन्हाळा आला आणि वाहन उद्योगाला मंदीने घेरलं. शेड्यूलं उतरली, ग्राहकांकडे उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस वाढले. जोड्यांचा इन्सेंटिव्ह आपोआप खाली आला आणि कॅन्टीनमध्ये पुन्हा कुजबुज सुरू झाली. मालक म्हणाले, कामच कमी आहे, तर ही रोजची बैठक काही दिवस थांबवू. नको म्हणाले ते प्रॉडक्शन मॅनेजर, जे तिसऱ्या दिवशी न आलेले होते. त्यांचं म्हणणं, ग्राहक आता दीडशे-दोनशेचेच लॉट मागतोय, आदल्या दिवशी कळलं नाही तर रोज डाय बदलायची कशी? बैठक चालू राहिली. इन्सेंटिव्हचा किमान टप्पा सहा महिन्यांपुरता खाली आणण्याचं युनियनने मागितलं, मालकांनी चार महिने दिले.

दुसऱ्या पाळीचं मात्र अजून जमलेलं नाही. फळा सकाळचा आहे. रात्रीच्या माणसांसाठी पाळी बदलताना भरायचं एक रजिस्टर आहे. मागच्या भेटीत मी ते चाळलं. सलग एकवीस पानांवर एकाच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, "सर्व ठीक". मी मालकांना सांगितलं आहे, पुढच्या खेपेला मी सकाळी येणार नाही, रात्री साडेअकराला पाळी सुटते तेव्हा येतो, आणि येताना काकांनाही थांबायला सांगा.